उत्तरपूजा न झालेले देव

दिघीत आमचा गणपतीचा छोटा कारखाना आहे. शाडूची पोती पेणहून येतात. माती भिजवून पायांनी तुडवावी लागते आणि त्याचं मला कधी काही वाटलेलं नाही. सोंड फसली तर मोडून पुन्हा गोळ्यात. गिऱ्हाईक पाट घेऊन आलं, मूर्ती पाटावर बसली, की मात्र माझेही हात जोडले जातात. खरं तर प्राणप्रतिष्ठा त्यांच्या घरी व्हायची असते! मग दीड दिवसाने म्हणा, पाच दिवसांनी म्हणा, उत्तरपूजा होते, मूर्ती जागची जराशी हलवतात आणि माती खाडीत सोडतात. देव कधी आला नि कधी गेला, याचा आमच्याकडे घोळ नाही. म्हणूनच मुंबईच्या म्युझियममध्ये माझी पंचाईत होते.

दिघीहून जंगलजेट्टीने आगरदांडा, पुढे एसटीने मुरूड-अलिबाग करत मांडवा, तिथून लाँच. गेटवेला उतरलं की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत गाठता येतं. १९२२ साली ते लोकांसाठी उघडलं. माझ्या तोंडी अजून 'प्रिन्स ऑफ वेल्स'च येतं. परळला राहणारा पुतण्या तिथेच भेटतो. आत विष्णू, देवी, गणपती रांगेने उभे, प्रत्येकापाशी पाटी: कुठला, कोणत्या शतकातला, कोणत्या दगडाचा. आणि मी चपला घालून समोर. देवळात मी देवापुढे जातो, इथे देवालाच माझ्यापुढे आणून ठेवलंय. पुतण्या म्हणतो, "काका, ही कला आहे, कला म्हणून बघा." बघतो की! गुडघ्याची गोलाई दगडात कशी काढली असेल, हे त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं. पण यातल्या बऱ्याच मूर्ती कधीतरी पूजेत होत्या. त्यांची उत्तरपूजा कोणी केली? देऊळ पडलं, गाव उठलं, मूर्ती जमिनीत गेली, कोणी उकरून काढली. निरोप मात्र कोणी दिला नाही.

भंगलेली मूर्ती पाण्यात सोडावी, असं शास्त्र सांगतं. ते पाळलं असतं तर हे मला बघायलाच मिळालं नसतं, तेव्हा म्युझियमवाल्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

त्याच म्युझियममध्ये परळच्या शिवाची प्लास्टरची प्रतिकृती आहे. मूळ शिळा दोन पुरुष उंच, साधारण सहाव्या शतकातली. १९३१ साली परळमध्ये रस्त्याचं काम चालू असताना ती सापडली. एकातून एक उमटत गेलेले सात शिव, खाली वाद्यं घेतलेले गण. ही शिळा म्युझियममध्ये गेली नाही, परळच्या बारादेवीच्या देवळात राहिली. पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे आणि पूजाही आहे. म्हणजे एकच आकार दोन ठिकाणी: एकीकडे पाटी, दुसरीकडे फूल. साचा चोख असला तर प्रतिकृतीत घडणीचं काही उणं राहत नाही, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. मग फरक दगडात की आपल्यात?

आपल्यात, असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. सगळं आपल्या मनावर असेल तर देव म्हणजे माझी लहर झाली. तमिळनाडूतल्या पत्तूरचा नटराज चोरीला जाऊन लंडनला पोचला, तेव्हा तिथल्या कोर्टात दावेदारांमध्ये खुद्द शिवाचंही नाव होतं. १९९१ मध्ये मूर्ती परत आली. साहेबाच्या कोर्टालाही हे निव्वळ मनाचे खेळ म्हणून झटकून टाकता आलं नाही.

उलट टोक आमच्या शेजारी दिवेआगरला बघितलं. १९९७ साली तिथल्या एका वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि माणसांची रीघ लागली. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले. सोनं पुढे मिळालं, पण वितळवलेलं. त्यातून नव्याने घडवलेला मुखवटा नोव्हेंबर २०२१ मध्ये बसवला. मधल्या काळात ते सोनं काय होतं? मुद्देमाल. गर्दीही ओसरली. देवळातला पाषाणाचा गणपती मात्र मुखवट्याच्या आधीही होता, नंतरही होता. गर्दी कशासाठी येत होती, ते तेव्हा कळलं.

माझ्यापुरतं मी असं धरलंय की देवपण दगडात नसतं आणि नुसतं मनातही नसतं. कोणीतरी रोज पाणी घालण्याची जबाबदारी घेतो, त्या बांधिलकीत ते असतं. ती जबाबदारी सोडायची तर रीतसर सोडावी लागते.

मग पुतण्याने राणीच्या बागेत नेलं. त्याला पेंग्विन दाखवायचे होते. मी रेंगाळलो भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरच्या दगडी हत्तीपाशी. तो आमच्या रायगड जिल्ह्यातला, घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला, १९१४ मध्ये तुकडे जोडून इथे उभा केला. सांधे दिसतात. हा देव नव्हे, त्यामुळे त्याच्यापुढे माझी पंचाईत होत नाही. नुसतं वाईट वाटतं. काचेमागचे पेंग्विन बघतानाही तसंच वाटलं. प्राण तिथे खरोखरच होता, प्रतिष्ठा कोणी विचारत नव्हतं.

पुतण्याला सांगितलं, पुढच्या खेपेला आधी बारादेवी, मग म्युझियम. तो म्हणाला, म्युझियमला सकाळी गर्दी कमी असते.