राख आणि व्हायोलिन



नाझी राजवटीने सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. मागे राहिले त्यांचे जोडे, चष्मे, वाद्ये आणि राख. अशा गोष्टींपासून कलाकृती घडवावी काय?

तेल अवीवचे व्हायोलिन-कारागीर अम्नोन वाइनस्टाइन (निधन २०२४) यांचे अनेक नातलग त्या संहारात मारले गेले. त्यांनी त्या काळातील ज्यू वादकांची मोडकी व्हायोलिने दुरुस्त केली. २००८ साली जेरुसलेममधील मैफलीत ती पुन्हा वाजली.

याउलट, पोलंडमधील मायदानेक छळछावणीच्या दाहभट्टीतून १९८९ साली आणलेली राख पाण्यात कालवून आपण चित्र काढले, असे एका स्वीडिश चित्रकाराने सांगितले. २०१२ मध्ये ते लुंड शहरात मांडले गेले. मायदानेकच्या संग्रहालयाने त्याचा तीव्र निषेध केला.

चित्रकाराचा हेतू स्मरणाचाच असेल. मग फरक कोणता? व्हायोलिन वाजण्यासाठीच घडवलेले असते. ते वाजवणे म्हणजे वादकाचे अर्धवट राहिलेले काम पुढे नेणे. राख मात्र वस्तू नव्हे, ती माणसे आहेत. त्यांना ना कबर लाभली, ना त्यांची संमती कोणी विचारू शकला. संतांचे अवशेष आदराने जपणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

म्हणून सारे कपाटात बंद करावे असेही नाही. त्याने विस्मृतीच वाढेल. प्रश्न एवढाच विचारावा: ही कला मृतांची सेवा करते, की मृतांनाच आपल्या सेवेला जुंपते?