शिक्षा कागदावर, कारण गावात

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणीला थांबते. पंजाबकडच्या पलटणींत असलेले जिंतूर, सेलू, पाथरीकडचे कितीतरी जवान रजा संपली की याच गाडीत बसतात. एखाद्याची गाडी हुकली, रजा आठ-दहा दिवस लांबली, तर घरच्यांना त्यात फारसे वावगे दिसत नाही. ‘साहेबांना सांग, आई दवाखान्यात होती,’ एवढ्यावर विषय मिटतो. लष्करात तो तिथे सुरू होतो. १९५० च्या लष्करी कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय रजेपेक्षा जास्त राहणे हा गुन्हा आहे आणि कोर्ट मार्शल झाले तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सहसा गोष्ट तिथवर जात नाही. निकाल पलटणीतच, ऑर्डर्ली रूममध्ये लागतो. टोपी आणि पट्टा उतरवलेल्या जवानाला मार्च करत कमांडिंग ऑफिसरपुढे आणतात. सुभेदार मेजर साहेब बाजूला उभे असतात, आरोप वाचला जातो. लष्करी नियम २२ नुसार जवानाला साक्षीदारांना उलट प्रश्न विचारता येतात, स्वतःचे साक्षीदारही आणता येतात. पण ज्याने भरतीपासून वरिष्ठांना ‘जी साब’पलीकडे उत्तर दिलेले नाही, तो तिथे कसली उलटतपासणी करणार? कसूर मान्य करतो आणि मोकळा होतो. कलम ८० खाली कमांडिंग ऑफिसर त्याला २८ दिवसांपर्यंत कैद देऊ शकतात. अशी शिक्षा झाली की कंडक्ट शीटवर लाल शाईने नोंद होते. जवानांच्या भाषेत ‘रेड एंट्री’.

पाठीवर पिठ्ठू बांधून उन्हात काढलेल्या फेऱ्या, म्हणजे त्यांचा ‘रगडा’, जवान दोन दिवसांत विसरतो. पुढे हसत सांगतोही. रेड एंट्रीवर कोणी हसत नाही. ती बढतीच्या वेळी समोर येते. अशा चार झाल्या की नियम १३ खाली सेवामुक्तीची नोटीस निघू शकते, आणि पेन्शनसाठी लागतात १५ वर्षे. तेराव्या-चौदाव्या वर्षी घरी पाठवलेला माणूस सोयाबीनच्या चार एकरांवर परत येतो, तो पेन्शनशिवाय.

शिस्तीबद्दल माझे दुमत नाही. चौकीवर दहा जण हवेत आणि नऊच असतील तर दहाव्याचा पहारा कोणाला तरी द्यावाच लागतो, तोही कोणाचा तरी मुलगा असतो. माझा आक्षेप कागदावर आहे. त्यावर तारीख येते, कलम येते, शिक्षा येते. माणूस का थांबला हे येत नाही. कायद्यातच ‘पुरेशा कारणाशिवाय’ अशी अट असताना कारण विचारण्याची जागा इतकी अरुंद का असावी?

अमेरिकी सैन्यात या कामासाठी समुपदेशनाचा छापील फॉर्म आहे. काय चुकले, सुधारणेसाठी काय करायचे, हे त्यात लिहितात. सैनिक आपली सहमती किंवा असहमती नोंदवतो, सही करतो. वारंवारच्या गैरवर्तनावरून काढण्याआधी अशी लेखी समज आणि सुधारण्याची संधी द्यावी लागते. त्याचे फार कौतुक नको. हाच कागद पुढे सैनिकाविरुद्धचा पुरावाही ठरतो. आपल्याकडेही समजावणी होते, पण तोंडी. कंपनीचे सीनियर जेसीओ बोलावून विचारतात, पलटणीचे धर्मगुरू बोलतात. पुष्कळदा ती फॉर्मपेक्षा मायेची असते. मात्र साहेबांची बदली झाली की ती त्यांच्याबरोबर जाते. नव्या कमांडिंग ऑफिसरपुढे उरतात फक्त लाल ओळी.

चार ओळी म्हणजे आपोआप घरी, असे लष्कराच्या मुख्यालयानेही कधी म्हटलेले नाही. २८ डिसेंबर १९८८ च्या पत्रात आधी चौकशी करा, प्रत्येक नोंदीमागचा गुन्हा कसा होता ते पाहा, दीर्घ सेवा आणि कठीण ठाणी लक्षात घ्या, पेन्शनच्या उंबरठ्यावर असलेल्याशी कठोर होऊ नका, असे बजावले होते. तरीही वीरेंद्रकुमार दुबे या जवानाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०१५ मध्ये न्यायालयाने, केवळ चार नोंदी मोजून सेवामुक्त करता येणार नाही, असा निकाल दिला. २०१९ चा सतगुर सिंग यांचा निकाल मात्र उलट लागला. सात वेळा गैरहजेरी, प्रत्येक वेळी कैद, आणि नोटिशीच्या उत्तरात या गैरहजेरीचा खुलासाच नव्हता. न्यायालयाने सेवामुक्ती कायम ठेवली. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की कारण वेळेवर कागदावर येण्याचे मोल कळते.

हे कारण बहुधा गावातच असते: बांधाचा वाद, म्हाताऱ्यांचे आजारपण, सासर-माहेरची भांडणे. त्यासाठी वाटाही आहेत. कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र लिहू शकतात. १९२५ च्या सैनिक दावे कायद्यानुसार, विशेष परिस्थितीत तैनात जवानाविरुद्धचा दावा पुढे ढकलता येतो. पण जवानाने अडचण सांगितलीच नाही, तर पत्र निघणार कशाच्या जोरावर?

अग्निवीरांच्या बाबतीत हे आणखी तातडीचे आहे. वर्षाची रजा ३० दिवस. नियमित शिपायाला वार्षिक ६० आणि शिवाय नैमित्तिक ३० मिळते. नोकरी चार वर्षांची, आणि पुढे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. चार नोंदींपर्यंत थांबायला इथे वेळच नाही, पहिलीच महाग पडू शकते. त्यामुळे पहिल्या गैरहजेरीलाच, शिक्षेच्या आधी, जवानाचे म्हणणे त्याला येणाऱ्या भाषेत, मराठीत का होईना, लिहून घेण्याचा नियम लष्कराने करावा. शिक्षा द्यायचीच असेल तर तो कागद नोंदीला जोडून द्यावी.

तोवर ज्यांची मुले सैन्यात आहेत त्यांना एवढेच सांगणे: रजा संपायच्या आत, दवाखान्याचे कागद आणि अर्ज घेऊन परभणीच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि रजा वाढवण्याची लेखी विनंती त्याच दिवशी पलटणीला पाठवा.