जुना पासपोर्ट आणि हिशेब

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, तेव्हा तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला अब्बांचा जुना पासपोर्ट हाती लागला. डिसेंबर १९८७ मध्ये मुंबईत निघालेला. सगळी माहिती हाताने लिहिलेली. आत एक ओळ अशी की, दक्षिण आफ्रिकेच्या प्रवासासाठी हा पासपोर्ट चालणार नाही. तिथल्या वर्णभेदी राजवटीशी आपल्या देशाने संबंध तोडले होते, ते १९९३ साली पुन्हा जोडले गेले. केपटाऊनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कोकणी मुसलमान ज्यांचे नातलग, त्यांना त्या एका ओळीचे वजन ठाऊक होते.

अब्बांची वाट मात्र कुवेतची. शिक्षण सातवीपर्यंत, काम ड्रायव्हरचे. म्हणून प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयाचा शिक्काही आहे. कमी शिकलेल्या माणसाची परदेशात फसवणूक होऊ नये म्हणून १९८३ च्या कायद्याने ही तपासणी ठेवली. हेतू चांगलाच, पण तेवढ्याने एजंटांचा धंदा काही बसला नाही.

हा पासपोर्ट घेऊन लिहायला बसण्याचे कारण वेगळे आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गातील काही मुलांचे वडील आजही सौदीत, कतारमध्ये आहेत. 'मेरे वालिद' या विषयावर निबंध लिहून घेताना एका मुलाने जवळ येऊन हळूच विचारले, "सर, अब्बा हमारे लिए गए हैं, तो उन पर गुस्सा करना गुनाह है क्या?" आम्ही बी.एड. केले, बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी सोडवला, पण उत्तर सुचले नाही. "पहले निबंध पूरा करो," असे म्हणून वेळ मारून नेली.

घरी आल्यावर पासपोर्टातल्या शिक्क्यांचा हिशेब मांडला. पहिले उड्डाण फेब्रुवारी १९८८. त्यानंतर मुदत संपेपर्यंतच्या जवळजवळ दहा वर्षांत अब्बा घरी होते जेमतेम वीस महिने. त्यांतल्या तीन सुट्ट्या दोन-दोन महिन्यांच्या. उरलेले चौदा महिने सलग, सप्टेंबर १९९० ते नोव्हेंबर १९९१.

ते चौदा महिने सुट्टीचे नव्हते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. पासपोर्ट कफीलकडे ठेवलेले असत. अनेकांचे तिथेच अडकले. अब्बांच्या कफीलने स्वतः पळून जाण्याआधी तो त्यांच्या हातात आणून दिला, हे अब्बा अजून सांगतात. मग बसने बसरा, बगदाद, वाळवंट ओलांडून जॉर्डन. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी त्या काळात एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणले. अब्बा उतरले तेव्हा अंगावरचे कपडे आणि हा पासपोर्ट, एवढेच सोबत होते.

आणि आमचा जन्म जानेवारी १९९१ चा. म्हणजे आमच्या कानात अजान देणारे अब्बाच होते. आम्हा भावंडांत हे भाग्य एकट्या आमच्या वाट्याला आले. थोरल्या आपाने त्यांना प्रथम पाहिले ते ती दीड वर्षाची झाल्यावर. एका देशाची राखरांगोळी झाली म्हणून आम्हांला बाप मिळाला. यावर शुक्र करावा की शरम वाटून घ्यावी? आम्ही पुष्कळ विचार केला. लढाई आम्ही मागितली नव्हती, हे खरे. पण ती झाली नसती तर बरे, असे मनापासून म्हणताना जीभ अडखळते, हेही तितकेच खरे.

१९९१ साली संयुक्त राष्ट्रसंघाने नुकसानभरपाई आयोग नेमला. कुवेत सोडून यावे लागलेल्या माणसाला ठरावीक रक्कम मिळे. पुरावा म्हणून पासपोर्ट लागे. अब्बांचाही दावा मंजूर झाला, त्या पैशांतून घरावर स्लॅब पडला. आयोगाने शेवटचा हप्ता २०२२ साली चुकता केला. एकूण रक्कम सुमारे ५२ अब्ज डॉलर. कुवेत सोडावे लागले त्याची किंमत ठरली. घर सोडावे लागले त्याचा दावा कुणाकडे करायचा, आणि तो करायचा कुणी? अब्बांनी, की अम्मीने, की आम्ही? अम्मी कॅसेटमध्ये आवाज भरून पाठवायची, तेव्हा आम्हांला पढवलेले एकच वाक्य बोलायला लावी, "अब्बा, हम सब खैरियत से हैं।" त्या कॅसेटमध्ये रागाला जागा नव्हती. आमची फी, आमचे बी.एड., सगळे त्याच पैशांवर झाले. खाल्ल्या मिठाला जागावे हे मान्य. पण आम्हांला वाटते, उपकार मानणारे मूल रागावूही शकते, आणि तो राग दाबून टाकला की उपकारही नुसते पाठ केलेले वाक्य होऊन बसतात.

शाळा सुरू झाल्यावर त्या मुलाला एवढेच सांगितले, "गुनाह नहीं है बेटा। अगली बार फोन आए तो उन्हीं को बता देना।" तो घाबरून आमच्याकडे बघतच राहिला.

त्याच रात्री आम्ही स्वतः अब्बांसमोर पासपोर्ट ठेवला आणि वीस महिन्यांचा हिशेब सांगितला. त्यांनी चष्मा लावून एकेक पान उलटले. नोव्हेंबर १९९१ च्या शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाले, "उस दिन तू मुझे छोड़ता नहीं था। दस महीने का था।" मग पासपोर्ट पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतःच्या उशीखाली ठेवला. म्हणाले, "ऊपर मत डालना। क्लेम का काम फिर निकला तो ढूँढना पड़ेगा।"