तीस दिवसांचा रोजगार

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण निजामाच्या काळापासून चालत आल्याचं सांगतात. कुठेच जमलं नाही तर परभणी आहेच, असा तिचा रोख. आता परभणीच्या तरुणाचंच कुठे जमलं नाही, तर त्याला बापाचं वावर असतं. आणि बेरोजगारी मोजणाऱ्यांना हे वावर फार सोयीचं पडतं.

केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात देशातला बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला. आकडा खोटा नाही, पण तो निघतो कसा? वर्षातला बहुतेक काळ काम शोधण्यात गेला, तरी मधे तीसेक दिवस काही काम केलं असेल तर तो माणूस या मोजणीत रोजगारातच धरला जातो. मजुरी मिळायला हवी अशी अटही नाही. घरच्या शेतात फुकट राबलं तरी चालतं. आता सेलू-मानवतचा पट्टा बघा. सोयाबीनची काढणी, दिवाळीच्या मागंपुढं कापसाची वेचणी, मग तूर. वर्षभर परभणीच्या अभ्यासिकेत भरतीची पुस्तकं पाठ करणारा पोरगा सुगीला गावी जातो, आणि तीस दिवस सहज भरतात. घरच्या शेती-धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांचा देशातल्या एकूण रोजगारातला वाटा २०१७-१८ मध्ये १३.६ टक्के होता, २०२२-२३ मध्ये १८.३ झाला. याला रोजगार वाढला म्हणायचं की वावरातली गर्दी वाढली?

२०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये, राखीवला ९००. ज्याला काम नाही त्यानं काम मागायला हजार रुपये भरायचे, हे आपल्याला खटकत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

काम मागणं हा हक्क आहे, ही गोष्ट खरं तर महाराष्ट्रानंच आधी कायद्यात आणली. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला रांगेनं उभी राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला: मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. त्याच १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. खडी फोडायची तयारी असलेल्याला हक्क मिळाला. कृषीची पदवी घेतलेल्याच्या वाट्याला शुभेच्छा आल्या. २०११ मध्ये परभणीची महानगरपालिका झाली, पाटी बदलली. पदवीधराला पगार देणारी ठिकाणं मात्र बहुतेक जुनीच राहिली: विद्यापीठ, कचेऱ्या, शाळा, दवाखाने. उरलेल्यांना पुण्याची रेल्वे, आणि पुढं चाकणला कंत्राटदाराच्या हाताखालची पाळी.

जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या त्या श्रमबल सर्वेक्षणाच्या आखणीत जिल्हा हा मूळ घटक धरला आहे. म्हणजे उद्या परभणीचाही वेगळा आकडा हाती येऊ शकेल. पण मोजणीसाठी घरी आलेल्या माणसाला उत्तर बहुधा बापच देणार: “शेतीच बघतो की तो.” यात लबाडी नाही. पोराची सोयरीक जुळायची आहे, भावकीत मान राखायचा आहे. ‘रिकामा आहे’ असं कुठला बाप परक्यासमोर म्हणेल? त्यानं पोराची अब्रू झाकायला उच्चारलेलं वाक्य सरकारच्या तक्त्यात मात्र चांगली बातमी म्हणून जातं.

पोराला स्वतःला काय करायचं होतं, हे विचारायला सर्वेक्षणाची वाट बघायची गरज नाही. १ मे, १५ ऑगस्टला ग्रामसभा भरतातच. वयाची पंचविशी ओलांडलेल्या, काम शोधणाऱ्या पोरापोरींची यादी एखाद्या ग्रामपंचायतीनं नुसती वहीत उतरवली तरी पुष्कळ कळेल. बापासमोर, चारचौघांत, ती पोरं आपलं नाव सांगतील का, याची मात्र मला खात्री नाही.