वेगळा तवा

मुळशी तालुक्यातल्या माळकरी घरांत आईबाप आणि हाताशी आलेली मुलं यांच्यात जी धुसफूस चालते, ती देव आहे की नाही याबद्दल क्वचितच असते. एकादशीला कॉलेजच्या कँटीनमध्ये काय खाल्लं, संध्याकाळी हरिपाठाला देवळात का आला नाहीस, गळ्यातली माळ खणात का ठेवलीस, असल्या गोष्टींवरून ती चालते. पौड, पिरंगुट, भूगाव, माण, कुठलंही गाव घ्यावं. हिंजवडीही याच तालुक्यातली, आणि तिथलं राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिल्यापासून घराचं घड्याळच बदललं आहे. देवळात टाळ वाजायला लागतात त्या सुमारास रात्रपाळीची गाडी नाक्यावर येऊन उभी राहते. आईबाप म्हणतात, पोरांनी धर्म सोडला. पोरं म्हणतात, घरात जबरदस्ती आहे. मला वाटतं, इथे दोन निराळ्या मागण्यांची गल्लत झाली आहे. व्रत ही एक गोष्ट आणि घरच्या देवाधर्मातलं काम ही दुसरी. व्रत ज्याचं त्यानं घ्यायचं असतं, ते अठराच्या उंबरठ्यावरच्या मुलाकडे मागू नये. काम मात्र मागावं, आणि ते मागताना कचरू नये. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. व्रताचा आग्रह धरला जातो आणि काम ‘राहू दे, त्याचा अभ्यास आहे’ म्हणून माफ होतं.

एका घरात दोन नियम नांदू शकत नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी यात्रेच्या दिवशी स्वयंपाकघरात डोकवावं. मावळ-मुळशीतली पुष्कळ घरं वारकरी असली तरी नुसती वारकरी नसतात. आजोबा माळकरी, पंढरीची वारी करणारे. पण कुळाचा देव जेजुरीचा खंडोबा किंवा डोंगरावरची वाघजाई. देवाला गोडा नैवेद्य होतो आणि मग पाहुण्यांना बोकडाचं जेवण. त्या दिवशी आजोबांचा तवा वेगळा, पातेलं वेगळं. त्यांच्या भाकरी आधी थापून, फडक्यात गुंडाळून, वर शिंकाळ्यात किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेल्या असतात. रश्शातला पळा चुकून त्यांच्या आमटीत जाऊ नये म्हणून सून डोळ्यांत तेल घालून बघत असते. पंगतीही दोन बसतात. यामुळे घर मोडलं, असं कुणी म्हणत नाही. उलट पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं जातं, आमच्या आबांचं कडक आहे हो. म्हणजे एका छपराखाली दोन नियम कसे सांभाळायचे, याचं ज्ञान या घरांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. मग सतरा वर्षांच्या नातवाचा तिसरा नियम तेवढा घरावरचं संकट का ठरतो?

यावर आईबापांचं उत्तर तयार असतं, आणि ते टाकाऊ नाही. आबा काहीतरी सोडतात, नातू आपली सोय बघतो. त्यागासाठी तवा वेगळा ठेवतात, आळसासाठी नाही, असं ते म्हणतात. यात तथ्य आहे. पण दोन गोष्टी सुटतात. एक तर आबांच्या त्यागाचा भार अर्धाअधिक सुनेच्या हातांवर पडतो. दोन तवे तीच घासते. एकादशीला बाहेर वडापाव खाणारा नातू कुणाच्याच हातांवर भार टाकत नाही. दुसरं असं, की सोय बघण्याचा मक्ता काही तरुणांकडे नाही. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि वर बटाट्याचा चिवडा, अशी एकादशी मोठी माणसंही करतातच, आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण काही कॉलेजच्या पोरांनी रचलेली नाही. सोयीचा न्याय लावायचा तर तो सगळ्या ताटांना लावावा लागेल.

माळेचंच बघू. वारकरी संप्रदायात माळ घेण्याचा एक विधी आहे. तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवतात, फडावरचे महाराज किंवा एखादा जाणता वारकरी ती उचलून गळ्यात घालतो, आणि घेणाऱ्यानं कबूल करायचं असतं की मी मांसमद्य वर्ज्य करीन, एकादशी धरीन, वारी करीन, हरिपाठ म्हणेन, परस्त्रीला मातेसमान मानीन. ही सगळी कबुली प्रथमपुरुषी आहे. ‘माझा मुलगा अमुक करील’ अशी कबुली बापानं देण्याची सोय तिच्यात नाही. जुनी माणसं माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत पाणीही घेत नसत. इतक्या जोखमीची गोष्ट सहा-सात वर्षांच्या पोराच्या गळ्यात कौतुकानं घातली जाते, हे खरं आहे, आणि त्यात काही वाईट आहे असंही मी म्हणत नाही. लहान मूल आईबापांचंच सगळं नेसतं-खातं. पण त्या वेळी शब्द आईबापांनी दिलेला असतो. तो पुढे चालवायचा की नाही, हे मुलानं एकदा तरी स्वतः ठरवायला हवं, आणि त्याची वेळ सतरा-अठराला येते. आपली राज्यघटनाही ही वेळ ओळखते. कलम 28 सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसायचं तर विद्यार्थ्याची स्वतःची संमती लागते, आणि तो अज्ञान असेल तर पालकांची. म्हणजे वयात येईपर्यंत मुलाच्या श्रद्धेच्या बाबतीत आईबाप फक्त विश्वस्त असतात. विश्वस्तानं चोख हिशोब ठेवावा आणि दिवस भरले की किल्ल्या हवाली कराव्यात. अठराव्या वाढदिवसाच्या सकाळी हे अचानक जमत नाही; आधीची दोन-तीन वर्षं सवय करावी लागते.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप येतो तो संस्कारांचा. ओल्या मातीला आकार दिला नाही तर मग देता येत नाही, सतराव्या वर्षी मोकळं सोडलं तर पोरगं कायमचं हातचं जातं. ही भीती खरी आहे, पण संप्रदायाचा स्वतःचा इतिहास तिला दुजोरा देत नाही. देहूचंच उदाहरण घ्या. तुकोबांचं वैकुंठगमन 1650 सालचं. परंपरा सांगते की त्या वेळी जिजाई गरोदर होती आणि नारायणबाबा नंतर जन्मले. बापाच्या मांडीवर हा मुलगा कधी बसला नाही, बापाच्या तोंडून त्यानं एक शब्द ऐकला नाही. वाढवलं ते आईनं, आणि ही आई म्हणजे तीच जिजाई, जिच्या विठोबावरच्या रागाच्या कथा कीर्तनकार आजही रंगवून सांगतात. त्याच नारायणबाबांनी 1685 मध्ये देहूहून पालखी सोहळा सुरू केला. आज लाखो माणसं ज्या वाटेनं चालतात ती अशा मुलानं घालून दिली आहे. नामदेवांच्या घरी तर भांडणाची बाजू उलटी होती. मुलगा विठ्ठलाच्या नादी लागला आणि आई गोणाई, बायको राजाई कुरकुर करत राहिल्या. संप्रदायानं ती कुरकुर पुसून टाकली नाही, गाथेत जपून ठेवली. घरातल्या प्रत्येकाची भक्ती एकाच उंचीची असली पाहिजे, हा हट्ट संतांच्या घरांनी धरलेला दिसत नाही. आपणच तो धरतो. अर्थात यावरून ‘दुर्लक्ष केलं की मूल भक्त होतं’ असा नियम काढायचा नाही. एवढंच म्हणायचं आहे की श्रद्धा पुढच्या पिढीत कोणत्या वाटेनं जाते हे कुणाला आधी कळत नाही, आणि म्हणून जबरदस्तीच्या वाटेचा भरवसा सर्वात कमी.

आता कामाकडे येऊ, कारण माझ्या मते खरी चूक तिथे होते. मुळशी हा भाताचा तालुका. ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघतात, आणि साधारण त्याच पंधरवड्यात इथे रोपं लावणीला येतात. चिखलणी झालेल्या खाचरात दिवसभर वाकून, डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद घेऊन, मुठीतल्या रोपांचे चूड सोडवत लावणी करायची असते. पाऊस आणि रोप, दोघंही थांबत नाहीत. अशा वेळी घरातलं एक माणूस पंढरीला चालत जातं, म्हणजे त्याच्या वाटणीचं कुणीतरी खाचरात वाकलेलं असतं. आजोबांची वारी नातवाच्या कमरेवर उभी असते. या नातवाला आपण काय विचारतो? तू हरिपाठ म्हटलास का! त्यानं चार दिवस लावणी केली याला घरच्या धर्माच्या वहीत जागाच नाही. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा मात्र गाव शहाणपणानं वागतं. वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, म्हणून पहारे लावतात. मंडपात फळ्यावर नावं लिहितात: रात्री बारा ते दोन, दोन ते चार. हे अवघड पहारे बहुधा तरुण पोरांच्या वाट्याला येतात, कारण त्या वेळी जागं कोण असतं हे गावाला माहीत असतं. वीणा गळ्यात घेणाऱ्याला कुणी विचारत नाही की तुझा देवावर किती विश्वास आहे. दोन तास उभा राहा आणि वीणा खाली टेकवू नकोस, एवढंच मागणं. पंगतीत वाढणं, द्रोण-पत्रावळ्या उचलणं, पाण्याचा टँकर बोलावणं, म्हाताऱ्या आत्याला कीर्तनाहून घरी सोडणं, ही सगळी याच जातीची कामं. ती हक्कानं मागावीत. नास्तिक पोरालाही पत्रावळ्या उचलता येतात.

यावर मुलांकडून येणारा आक्षेप मला आईबापांच्या आक्षेपाहून कठीण वाटतो. मन नसताना नवरात्राच्या घटापाशी बसायचं, आरतीत टाळ्या वाजवायच्या, हा ढोंगीपणा नाही का? असेल. म्हणूनच काम आणि कबुली यांच्यात रेघ स्पष्ट हवी. घटासाठी शेतातली माती आणून देणं, फुलं आणणं, आईचे नऊ दिवसांचे उपास चालू असताना स्वयंपाक हातात घेणं, यात कुठलीही खोटी कबुली नाही. ज्या माणसांबरोबर राहतो त्यांच्या महत्त्वाच्या गोष्टीला हात लावणं आहे. पण डोळे मिटून हात जोड, नवस बोल, महाराजांच्या पाया पडून अमुक सोडल्याचं सांग, हे मागणं आलं की मुलानं शांतपणे नाही म्हणावं, आणि घरानं ते ऐकून घ्यावं. काम करतानाही न पटणारी रीत बदलता येते. गाडगेबाबांनी घर सोडलं 1905 मध्ये. त्याआधी संसारात असतानाच त्यांनी मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता गोडाचं जेवण घातलं. पंगत टाळली नाही, ताटातलं बदललं. नाराजी झाली, ती त्यांनी सोसली. ‘माझा विश्वास नाही’ म्हणून खोलीचं दार लावून घेणाऱ्या मुलांना मी तरी हा रस्ता दाखवीन.

मुलींच्या बाबतीत तर आपलं सगळं तर्कशास्त्रच उघडं पडतं. सतरा वर्षांच्या मुलीकडे काम मागायला कुणी कचरत नाही. नैवेद्याच्या पुरणपोळ्या ती लाटतेच. पण महिन्यातले चार दिवस तिला देवघराकडे फिरकू देत नाहीत, म्हणजे ज्या देवासाठी राबायचं त्याच्याशी असलेलं नातं मात्र दुसऱ्यानं ठरवायचं. आणि लग्न झालं की तिचं कुलदैवत, कुलाचार, कधीकधी उपासाचे वारसुद्धा एका दिवसात बदलतात. माळकरी घरं स्थळ बघताना माळकरीच घर शोधतात हे खरं, पण नाही मिळालं तर मुलीनं जुळवून घ्यावं असंच धरून चालतात. जे घर मुलीच्या श्रद्धेत एवढा बदल सहज गृहीत धरतं, त्यानं मुलाच्या खणात पडलेल्या माळेवरून ‘आपल्या रक्तातला धर्म’ अशी भाषा करू नये. रक्तातलाच असता तर मुलीच्या रक्तातून तो हळद उतरायच्या आत कसा गेला असता?

लोक काय म्हणतील, हा शेवटचा आणि मुकाट्यानं सगळ्यात जास्त चालणारा मुद्दा. बुवांचा मुलगा बिनमाळेचा फिरतो ही कुजबुज लहान गावात बोचते, आणि सप्ताहाच्या मंडळात बसणाऱ्या बापाला ती ऐकावी लागते. पण ही अडचण बापाच्या प्रतिष्ठेची आहे, तिला धर्माचं नाव देऊ नये. पूर्वी बापाच्या शब्दामागे सातबाराही असायचा. जमीन त्याच्या नावावर, म्हणून रीतही त्याची. आता मुळशीत जमिनी विकल्या गेल्या, पोरं पगार घेऊ लागली, आणि त्या शब्दामागचा टेकू गेला. उरेल ते समजावणीनं उरेल.

व्रत ज्याचं त्यानं घ्यायचं, हा नियम उलट्या बाजूलाही लावावा लागतो. घरापेक्षा कडक निघणारी मुलंही असतात. पैठणच्या कथेत एकनाथांचा मुलगा हरिपंडित बापाच्या प्राकृत कीर्तनावर आणि वाटेल त्याच्या घरी जेवण्यावर रुसून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले आणि प्राकृतात सांगणार नाही, परान्न घेणार नाही, या त्याच्या दोन अटी त्यांनी मान्य केल्या. पुढे श्रोते कमी झाले आणि अखेर मुलगाच वळला, असं कथा सांगते. आजही एखादा मुलगा आळंदीहून शिकून येतो, माळ घेतो आणि आईला म्हणतो, या घरात आता मांस शिजता कामा नये. त्याचं व्रत त्यानं जरूर पाळावं. पण आईची चूल ही त्याच्या व्रताची हद्द नाही. वेगळा तवा त्यानं आणावा, आणि घासावाही त्यानंच.