मृगामागचा व्याध

दिवाळीच्या रात्री अंगणातल्या पणत्या विझू लागल्या, की मी थोडा वेळ पूर्वेकडे तोंड करून बसतो. अवसेच्या काळोखात मृग नक्षत्र सावकाश वर येते. चार पायांचे चार तारे, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागाहून, बऱ्याच उशिराने, तो तेजस्वी व्याध. आजीने हे चित्र दाखविले तेव्हापासून व्याधावर माझा राग होता. गेल्या वर्षी आलेल्या एका पत्राने तो राग थोडा हलला.

पत्र माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. तो अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक झाला आहे. शेजाऱ्याच्या नादाने नोव्हेंबरात तो हरणाच्या शिकारीला गेला होता. वाचताच माझ्या कपाळाला आठी पडली. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून हरीण मारणे हा गुन्हा आहे. आणि त्याआधीही शिकार म्हणजे राजेरजवाड्यांचा आणि साहेबांचा शौक! तिकडे तसे नाही. उत्तरेकडचे चेक्वामेगन-निकोले हे राष्ट्रीय वन सुमारे १५ लाख एकरांचे. मालकी साऱ्या जनतेची. परवाना काढला, की टपाल वाटणाऱ्यालाही तिथे बंदूक घेऊन जाता येते. मात्र १९७३ पासून पुढे जन्मलेल्याने आधी शिकारीचे शिक्षण घ्यायचे, अंगात भडक रंगाचे कपडे घालायचे, शिंगाचा नर एकच मारायचा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद करायची.

हरीण सापडणेही सोपे नसते. सडकेलगत माणसांची वर्दळ, म्हणून ते दलदलीच्या कडेला आत शिरते. शिंगे घासून सोललेली साल, ओकच्या फळांसाठी उकरलेला पाचोळा, बर्फात उमटलेले खूर, असे एकेक अक्षर वाचीत, वारा तोंडावर घेत हा दोन मैल आत गेला. संध्याकाळी नर दिसला. गोळी लागली, पण तो पडला नाही; रक्ताचे थेंब सांडीत झुडपांत नाहीसा झाला.

शेजारी म्हणाला, "सोडून दे. हंगाम अजून उरला आहे, दुसरे मिळेल. इथे कोण पाहते आहे?"

हा बंदूक मोटारीत ठेवून बॅटरी घेऊन परतला. मध्यरात्रीपर्यंत शोधले, उजाडताच पुन्हा गेला. शेवटी कावळ्यांच्या कालव्यावरून हरीण सापडले. रानातल्या जनावरांनी अर्धे खाल्ले होते. घरी नेण्याजोगे काही राहिले नव्हते. तरी त्याने ते आपल्या नावावर नोंदविले. त्याचा नर संपला. पत्राच्या शेवटी त्याने विचारले होते, "सर, मी पाप केले का?"

'मारू नये' हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होते. पण रविवारी खाटकाकडून मटण आणणाऱ्या मास्तराने ते कोणत्या तोंडाने लिहावे? त्या बोकडाचे डोळे मी कधी पाहिलेले नाहीत, एवढीच माझी अहिंसा.

मग पांडूची गोष्ट आठवली. हरिणरूपातल्या किंदम ऋषीला बाण लागला, तेव्हा पांडूने राजाचा मृगयेचा हक्क पुढे केला. ऋषीने हक्क नाकारला नाही. कोणत्या क्षणी बाण सोडलास, एवढेच विचारले. हक्क असला म्हणजे जाब संपत नाही.

आणि जिथे हक्क सर्वांचा, तिथे जाब कोणी द्यायचा? आपल्या गावचे गायरान पाहा. सर्वांचे, म्हणून ज्याला जमेल त्याने कुंपण पुढे सरकवावे! अमेरिकेतही तेच झाले होते. बाजारासाठी बेसुमार शिकार झाली आणि विसावे शतक उजाडता उजाडता कोट्यवधी हरणांची काही लाख उरली. पुढे कायदे आले. १९३७ मध्ये बंदुकांवरच्या कराचा पैसा वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवण्यात आला. हरणे पुन्हा वाढली. पण दोन मैल आतल्या झाडीत कायदाही पोहोचत नाही. याच राज्यात राहिलेल्या आल्डो लिओपोल्ड या वन्यजीव व्यवस्थापनाच्या प्राध्यापकाचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४९ साली निघाले. शिकाऱ्याचे वागणे पाहायला प्रेक्षक नसतात, त्याचा पंच त्याचे मनच, हे त्याने त्यात सांगून ठेवले आहे.

मी उत्तर लिहिले : "बाळ, गोळीची माफी माझ्या हाती नाही. ते रान सर्वांचे म्हणतात, पण त्या सर्वांत हरणाला कोणी धरलेले नाही. ते एक देणे तुझ्याकडे राहीलच. पण कोणी पाहत नसताना तू परत गेलास, आणि कोणी विचारले नसते तरी हिशेब लिहिलास. वर्गात मी जे वर्षानुवर्षे शिकवीत आलो, ते तू काळोखात एकट्याने केलेस. मला ते जमले असते की नाही, सांगवत नाही."

यंदाही मृग वर आला आहे. बाण पोटात तसाच. पण व्याधाकडे आता मी निराळ्या नजरेने पाहतो. बाण त्याचाच, यात शंका नाही. पण तो मारून घरी गेलेला नाही. जखमी हरणाच्या मागावर तो अजून चालतोच आहे.