कपाटातला टॅब

जिल्हा परिषदेच्या शाळेत स्मार्ट टीव्ही यायचा म्हणजे गावात सोहळा असतो. लोकवर्गणी जमते, सरपंच फीत कापतात, भिंतीवर ‘डिजिटल शाळा’ अशी अक्षरं चढतात. मग वर्गात काय होतं? गुरुजी बटण दाबतात आणि मुलं हाताची घडी घालून पडद्याकडे बघत बसतात. खडू-फळ्याच्या काळातही ती हाताची घडी घालूनच बसायची. बोलणारं तोंड तेवढं बदललं. याला विद्यार्थिकेंद्री शिक्षण म्हणणं ही फसवणूक आहे, आणि ती आपण स्वतःच्याच पैशाने करून घेतो आहोत.

आपल्याकडे चांगल्या कल्पनेचं दृश्य तेवढं उचललं जातं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांत शिक्षकांनी मुलांना गटात बसून, साहित्य हाताळत शिकू दिलं. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमानंतर अशा शिकण्याचा, म्हणजे ज्ञानरचनावादाचा बोलबाला झाला आणि कितीतरी शाळांत तो फरश्या रंगवण्यापाशीच थांबला. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, तेव्हा सगळीकडे त्यांच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडचं कौतुक झालं. आता बालभारतीच्या पुस्तकांवरही ते चौकोन आहेत. पण पाठ पुस्तकातून मोबाइलवर गेला यात फार मोठं काही नाही. मूल तो मध्येच थांबवू शकतं, न कळलेला भाग चारदा ऐकू शकतं, आणि त्यासाठी त्याला कोणापुढे हात वर करावा लागत नाही, हे मोठं. आपण चौकोन घेतला. मुलाच्या हाती वेग देण्याचं मात्र राहून गेलं.

यंत्र मुलाच्या हातात दिलं की काम भागलं, असंही नाही. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या मोहिमेत पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. पुढे ग्रामीण शाळांची पाहणी झाली, तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. यंत्र घेऊन करायचं काय, हा प्रश्न कोणीतरी तयार करावा लागतो, आणि ते काम शिक्षकाचंच.

द्विशिक्षकी शाळा घ्या. एका गुरुजींकडे पहिली-दुसरी, बाईंकडे तिसरी-चौथी. बाई तिसरीचं गणित घेत असताना चौथीने गप्प बसायचं, हा आजवरचा शिरस्ता. त्याऐवजी बाईंनी चौथीला एक टॅब आणि एक प्रश्न द्यावा: आपल्या गावची विहीर कधी आटते? मुलं म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करतील, पर्जन्यमापकातली रोजची नोंद तक्त्यात भरतील, आलेख काढतील, दोन आजोबांनी सांगितलेली सालं जुळली नाहीत तर भांडतील. ते भांडण म्हणजेच परिसर अभ्यास. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात शेतीचं प्राथमिक ज्ञान मागितलं होतं. ती मागणी टॅबच्या काळातही जुनी झालेली नाही. वर्गापुढे वाचायला लाजणारं मूल व्हरांड्यात जाऊन आपलं वाचन रेकॉर्ड करील, स्वतःच ऐकेल, पुसेल, पुन्हा वाचेल. चूक पुसता येते आणि कोणी हसत नाही, एवढ्यानेही अनेक मुलं वाचू लागतील. यासाठी महागडा संच लागत नाही. बाईंना मात्र तोंड आवरावं लागतं, आणि शिक्षकाला तेच सर्वांत जड जातं.

टॅब कपाटात कुलूपबंद राहण्याचं कारणही बघायला हवं. तो फुटला तर जबाबदारी बाईंची. न वापरल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही. वर माहिती भरण्याची आणि फोटो पाठवण्याची कामं आहेतच. बाईंचं खरं डिजिटल कौशल्य त्यातच खर्ची पडतं. तपासणीला येणारा अधिकारी किती संच आहेत ते मोजतो. मुलांनी काय केलं, हे त्याने विचारावं अशी मागणी गावाने करायला हवी. साधनं वापरात फुटणारच, हे गृहीत धरून दुरुस्तीचे पैसे बाजूला काढायला हवेत.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला अवघड म्हणून टाळली जाते. 2020 च्या टाळेबंदीत घरात एकच मोबाइल असला की तो अनेकदा मुलीआधी मुलाच्या हाती जायचा. शाळेतही गटात टॅब आला की धीट पोरगं तो ओढून घेतं आणि मुलगी ‘सुवाच्य अक्षर आहे’ म्हणून वहीत लिहीत बसते. शिक्षक मुद्दाम पाळी लावत नाही तोवर तंत्रज्ञान जुनी उतरंडच पक्की करतं. कोणाच्या घरी मोबाइल आहे, कोणाच्या नाही, याचीही नोंद बाईंकडे हवी. ज्यांच्याकडे नाही त्यांची पाळी आधी.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले आहेत आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. त्या आयांनी पुढच्या वर्गणीची पावती फाडण्याआधी एक दुपार वर्गात मागे बसून टॅब कोणाकोणाच्या हातात जातो ते बघावं. तो दोघा-तिघांपलीकडे जात नसेल, तर दुसऱ्या टॅबचा ठराव अडवून ठेवावा.